चार सेकंदांचं कारण

त्या गुरुवारी सकाळी रावसाहेब घेवारींनी शिरोलीच्या भट्टीत दिवसातलं पहिलं लोखंड ओतलं. त्याच दिवशी त्यांनी ते कोइमतूरमध्ये ओतलं, नैरोबीत ओतलं आणि आणखी अकरा हजार ठिकाणी ओतलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्यांची बायको वत्सला संरक्षक जाळीच्या अलीकडे बाकावर बसून यंत्राच्या हाताकडे पाहत होती. त्या हाताने लोखंडाच्या रसाने भरलेली लॅडल, म्हणजे मोठी पळी, साच्यावर आणली, जराशी कलती केली आणि तो थांबला. एक, दोन, तीन, चार. मग रस पडला. वत्सला दर गुरुवारी येई ती हे थांबणं पाहायला.

यंत्रामागच्या प्रणालीला 'हातोटी' म्हणत. कुशल कारागिराच्या मनगटाला, कोपराला, कमरेला संवेदक बांधायचे, चष्म्यात कॅमेरा बसवायचा आणि चाळीस दिवस त्याला नेहमीसारखं काम करू द्यायचं. त्याला काय दिसतं आणि त्यावर त्याचं शरीर काय करतं, याची सांगड संगणक घालतो. ते तो का करतो, हे मात्र संगणकाला कळत नाही. पुष्कळदा कारागिरालाही सांगता येत नाही. बड्या कंपन्या आपल्या हातोट्या कुलूपबंद करून भाड्याने देत. 'मुक्त उद्योग संघ' ही ना-नफा संस्था छोट्या कारखान्यांना दुसरा रस्ता दाखवी: हातोटी घ्या, उघडून पाहा, सुधारा, सुधारलेली सगळ्यांना द्या. रावसाहेबांनी आपली हातोटी संघाला दिली तेव्हा भाऊबंद हसले होते. रावसाहेब एवढंच म्हणाले होते, की माझ्या हाताला कुणी कुलूप घातलेलं मला चालणार नाही.

संघाची डॉ. केतकी नाईकनवरे आज मुद्दाम वत्सलेला भेटायला आली होती. वय तिशीचं, अभ्यास माणसाच्या हालचालींचा. ती बाकावर बसली आणि तिने अडचण सांगितली. त्या चार सेकंदांत रस आठ-दहा अंशांनी निवतो. जाड कामाला फरक पडत नाही, पण पंपाची पातळ कवचं बिघडतात. छोटे कारखानदार कंटाळून पुन्हा भाड्याच्या हातोटीकडे निघाले होते. कोइमतूरच्या मंडळींनी सुधारणा पाठवली होती: थांबणं काढून टाका. पण संघाचा एक दंडक होता. ज्या हालचालीचं कारण ठाऊक नाही, ती काढायची नाही. पूर्वी एकदा कुणीतरी मनगटाचा एक निरर्थक झटका काढला होता आणि गावोगावच्या ओतीव कामाला भोकं पडली होती. तो झटका रसावरची मळी बाजूला सारत होता. तेव्हापासून प्रत्येक सुधारणेला 'कारण-नोंद' लागे, आणि नोंद झालेली सुधारणा पुढच्या सोमवारी सगळीकडे लागू होई.

"काकू, तुम्ही तेव्हा याच भट्टीत होता. ते का थांबायचे?"

"माझं काम गाभ्यांचं. साच्यात पोकळी ठेवायला वाळूचे गाभे करायचे न् साच्यापाशी नेऊन द्यायचे. ओतकामातलं मला काय कळतंय?"

"मळी वर यायला थांबत असतील, असं एकाने सुचवलंय. तसं असेल तर थांबणं राहील."

नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. एका होकारावर रावसाहेब अकरा हजार ठिकाणी तसेच थांबत राहिले असते. वत्सलेने मान हलवायला घेतली आणि तिची नजर बाद मालाच्या ढिगावर गेली. तडकलेल्या प्रत्येक कवचावर चिठ्ठी होती.

"काय लिवलंय त्यावर?"

"हातोटीचं नाव. घेवारी."

"म्हणजे हे सगळं त्यांच्या हातचं म्हणायचं?"

वत्सलेने ढिगावरून नजर काढली. मग तिने सांगितलं.

घर दोन खोल्यांचं आणि माणसं अकरा. सासू-सासऱ्यांपुढे नवऱ्याशी दिवसा बोलायची सोय नव्हती. गाभे देऊन झाले, की बाकीच्या बायका परतायच्या आणि ही रिकामा ट्रे घेऊन खांबाजवळ उभी राहायची. ते लॅडल कलती करायचे आणि बघायचे. ठिणग्या तिथवर यायच्या, म्हणून ती खांबाआड गेल्याशिवाय ओतायचे नाहीत.

"दर ओतकामाला?"

"दर ओतकामाला. बायका चिडवायच्या, घेवारणीचं पाऊल चिकटलं म्हणून."

केतकीने तिला समजावलं, की यंत्र सवय शिकतं, कारण शिकत नाही. नोंदणीचे चाळीसही दिवस वत्सला तिथे होती. आता ते खांबाकडे पाहतं, कुणी दिसत नाही, सरासरीएवढी वाट पाहतं आणि नाद सोडतं. पण हा झाला अंदाज. चाचणी हवी. वत्सलेने जाळीच्या बाहेरून त्या खांबापाशी उभं राहायचं आणि सहा सेकंदांनी खूण केली, की आड व्हायचं.

पुढच्या ओतकामाला ती उभी राहिली. लॅडल आली, कलती झाली, थांबली. चार सेकंद झाले. रस पडला नाही. पाच. सहा. केतकीने हात वर केला.

वत्सला हलली नाही. यंत्राचा डोळा म्हणजे एक काळी काच होती आणि ती तिच्याकडे वळली होती. सहा वर्षांत कुणी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. दहा. पंधरा. पांढरट पिवळा रस नारिंगी झाला, काठावर साय धरू लागली.

"काकू, मागे या. ते असंच थांबेल."

"किती वेळ?"

केतकीने पडद्यावरचे आकडे पाहिले. "मर्यादाच नाहीये. तुम्ही समोर असताना त्यांनी कधी ओतलंच नाही. लॅडलमध्ये लोखंड थिजलं तरी थांबेल."

वत्सला आणखी थोडी उभी राहिली. मग ती खांबाआड गेली, आणि तिचं पाऊल टेकायच्या आत रस पडल्याचा आवाज आला. ते कवचही वाया गेलं.

केतकीने कारण-नोंदीचा रकाना उघडला. तिला पहिला शब्द सुचेना. काय लिहू, असं तिने विचारलं.

"लिही, बायको उभी राहायची म्हणून थांबायचे," वत्सला खांबाआडूनच म्हणाली. "आणि सोमवारपासून थांबू नका म्हणावं त्यांना. लोखंड निवतंय."