दोन जावा आणि दोन फोकस

थोरली जाऊ तक्रार घेऊनच जिना चढली, आणि चपला काढायच्या आधी निम्मी सांगूनही झाली.

तिथल्या सासूबाई थोरलीच्या नव्हेत; त्यांचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. दारावर ‘खाजगी तपास’ अशी पाटी, आत दोन खुर्च्या आणि एक जावई. जावयाचा पंख्यांचा धंदा बुडाला, तेव्हापासून तो सासूबाईंची पिशवी धरून हिंडत असे. जावयाचा मान राखायचा असतो, म्हणून सासूबाई त्याचा अपमानसुद्धा अहो-जाहो करूनच करत.

“जावईबापू, खुर्ची द्या त्यांना. तुम्ही उभेच शोभता.”

थोरली बसली. खांदे असे की खुर्ची दिसेनाशी झाली. तिनं टेबलावर नेमबाजीचा कागद आपटला. छापील वर्तुळं आणि त्यांत भोकंच भोकं, कोंबड्यांना दाणे फेकावेत तशी चहूकडे.

घरात दोन जावा. दोघींनाही रायफलीचं वेड, दोघींचीही रायफल स्वतंत्र, वर दुर्बीण लावलेली. उद्या क्लबची निवड, आणि संघात जागा एकच. गेल्या आठवड्यापर्यंत थोरलीचे छर्रे एकावर एक बसत. कालच्या सरावात हे असं. म्हणजे कुणीतरी दुर्बिणीशी खेळलं, आणि ते कुणीतरी म्हणजे धाकटी. आज संध्याकाळी क्लबची कमिटी बसणार होती. थोरली तिथं तक्रार करणार, धाकटीचं नाव क्लबातून कायमचं उडणार, आणि मग घरात चूलही वेगळी होणार. नवऱ्यानं हातापाया पडून तिला आधी इकडे पिटाळलं होतं.

“पुरावा?” सासूबाई म्हणाल्या.

पुरावा तयारच होता. निवड व्हायच्या आधीच धाकटीनं संघाचा ब्लेझर शिवून घेतला होता, घरासमोरच्या शिंप्याकडे. परवा दुपारी ती तो दोन्ही हातांत धरून आरशासमोर फिरवून बघत होती, आणि थोरलीनं खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गडद निळा. पितळी बटणं. बटणांवर नांगर, जहाजाचा.

“तुम्ही दुर्बिणीचं काही बदललंत का?”

“मी कशाला बदलू? काल रेंजवर फोकस केला तेवढाच. कागद पुसट दिसत होता, स्वच्छ दिसेपर्यंत फिरवलं. रोजच करते.”

“आणि दुर्बिणीतली मधली फुली?”

फुली जरा पुसट होती खरी, थोरली म्हणाली, पण डोळे शिणले असतील. डोकं मात्र रात्रभर ठणकलं. त्याचंही खापर तिनं धाकटीवर फोडलं.

जावयाला वाटलं, प्रकरण मिटलं. तसं तो बोललाही. सासूबाईंनी त्याच्या हातात पिशवी दिली.

जावांच्या घरी रायफली लोखंडी कपाटात असत. एक किल्ली थोरलीच्या कमरेला, दुसरी तिच्या सासऱ्यांकडे. सासऱ्यांनी ती पायजम्याच्या नाडीला बांधली होती. ती चोरायची तर आधी पायजमा चोरावा लागेल, असं त्यांनीच मोठ्या अभिमानानं सांगितलं.

धाकटी स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. अंगानं काडी, पण आवाज पातेल्यांच्या वरचा. बंदुकीला हात लावला नाही, एवढंच ती बोलली. ब्लेझरचं विचारताच तोंड फिरवून म्हणाली, “ते विचारू नका. माझं मी बघून घेईन.”

“चोराच्या मनात चांदणं,” जावई पुटपुटला. पण सासूबाई थोरलीच्या खोलीत गेल्या होत्या.

खिडकी रस्त्यावर उघडत होती. रस्ता रुंद, मध्ये झाडांची रांग, पलीकडे दुकानं. सासूबाईंनी त्याला विचारलं, शिंप्याच्या दुकानात काय दिसतं. जावई गजांना टेकून वाकला. आत काहीतरी निळं लटकलेलं होतं. कोट असेल, नाहीतर छत्री.

“माझे डोळे अधू झाले वाटतं.”

“डोळे चांगले आहेत तुमचे. त्यांच्या मागे काही नाही, ही अडचण आहे.”

तो मागे सरला तेव्हा शर्टावर हिरवे पट्टे उमटले होते. गजांना याच आठवड्यात रंग दिलेला, अजून चिकटच होता.

शिंप्याच्या दुकानाची काच वर्तमानपत्रांनी झाकलेली होती. मास्तर दार किलकिलं करून बोलला. परवा दुपारी समोरच्या घराच्या खिडकीतून एक नळी त्याच्यावर रोखलेली होती. गिऱ्हाईक बाई आरशात बघत उभी आणि हा टेबलाखाली. कुणाचा कोट उशिरा दिला, तेच त्याला आठवेना, कारण सगळ्यांचेच दिले होते.

सासूबाई त्याची समजूत घालत होत्या, तोवर जावयानं खुंटीवरचा निळा ब्लेझर अंगात चढवून आरशात पाहिलं. खांद्यांत अगदी बेताचा बसला. पितळी बटणांवर नांगर चमकत होते.

“शोभतो का?” त्यानं विचारलं.

“आज पहिल्यांदा उपयोगी पडलात,” सासूबाई म्हणाल्या. जावई हरखला. का उपयोगी पडलो, ते विचारायचं राहून गेलं.

क्लबमध्ये नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी सासूबाईंनी सोबत नेलेली थोरलीची रायफल हातात घेतली. दुर्बिणीच्या वरच्या, नेम सरकवायच्या टोप्या जशाच्या तशा होत्या, पकडीचे स्क्रू घट्ट. बाजूची चकती मात्र हिरवट झाली होती. ती पुसता पुसता उस्ताद करवादले. दुर्बिणीला दोन फोकस असतात. मागचं कडं डोळ्यासाठी, त्यानं फुली काळीभोर करून घ्यायची आणि पुन्हा हात लावायचा नाही. बाजूची चकती अंतरासाठी, ती रोज फिरवायची. पण या दोघी जावा दोन्हीला नुसतं फोकसच म्हणतात. सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता.

“मागच्या कड्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. बघा, कुठल्या कुठे गेलाय.”

कमिटी बसायला थोडा वेळ उरला होता. सासूबाईंनी रायफल परत आणून सगळ्यांना जावांच्या घराच्या दिवाणखान्यात बसवलं. थोरली पर्स मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत.

“जावईबापू, अंगठा धरा डोळ्यासमोर. एक डोळा मिटा. भिंतीवरच्या घड्याळावर अंगठा आणा. आता डोकं हलवा.”

“अंगठा घड्याळावरून सरकतोय.”

“आता भिंतीपाशी जा. अंगठा घड्याळालाच चिकटवा. हलवा डोकं.”

आता अंगठा जागचा हलेना. जावयानं चार वेळा डोकं हलवून पाहिलं. त्याला गंमत वाटू लागली.

“पुरे. मान मोडेल. फुली म्हणजे तुमचा अंगठा, कागद म्हणजे घड्याळ. दुर्बिणीच्या आत कागदाचं चित्र बरोबर फुलीवर पडलं, तर डोकं इकडेतिकडे झालं तरी नेम तोच. पुढेमागे पडलं, की गाल जरा सरकला तरी नेम सरकला. याला पॅरॅलॅक्स म्हणतात.”

“पॅरालिसिस?” सासऱ्यांनी घाबरून विचारलं.

सासूबाईंनी तिकडे दुर्लक्ष केलं. कुणी दुर्बीण हलवली असती, वरच्या टोप्या फिरवल्या असत्या, तर सगळे छर्रे एकाच बाजूला, पण एकत्रच गेले असते, त्या म्हणाल्या. इथे ते उधळले होते. म्हणजे बिघडला होता तो फोकस. मागचं कडं फिरल्यामुळे फुली डोळ्याला पुसट झाली. थोरलीनं बाजूची चकती फिरवून कागद स्वच्छ केला खरा, पण त्या बिघडलेल्या कड्यातून बघून. चित्र दिसलं छान, पडलं मात्र फुलीपासून लांब. डोळा दोघांना सांधता सांधता थकला, म्हणून डोकं ठणकलं.

“तेच तर म्हणते मी,” थोरली उसळली. “कडं फिरवलं कुणी?”

“तुमच्या खिडकीतून आमच्या जावयाला कोट आणि छत्री यांतला फरक कळेना. तुम्हाला बटणावरचा नांगर कसा दिसला?”

थोरली लाल झाली.

रिकामी का असेना, पण रायफल गजांतून बाहेर काढून या बाईनं जावेवर पाळत ठेवली, सासूबाई म्हणाल्या. कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला. बाजूची चकती ओल्या गजाला अडकली, म्हणून तिच्यावर हिरवा रंग आला. ती फिरेना, तेव्हा मागचं कडं फिरवून दुकान स्वच्छ केलं. तिच्या लेखी दोन्ही फोकसच. काल रेंजवर पुन्हा फोकस केला, म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं.

“खोटं नाही बोललात तुम्ही. फक्त तुमच्या घरात एका शब्दावर दोन कामं चालतात. आणि तो ब्लेझर आमच्या जावईबापूंच्या खांद्यांना बसतो. या पोरीसारख्या त्यात तिघी मावतील. तो कुणाच्या मापाचा आहे, ते आता मी सांगायला हवं का?”

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. पर्स मांडीवरून घसरली, ती तिनं उचलली नाही.

“माझ्यासाठी शिवलास? मग सांगायचं नाही का?”

“निवडीआधी सांगितलं असतं तर दृष्ट लावली म्हणाला असतात,” धाकटी म्हणाली. तिनं पदर खोचला. “आता मात्र मीही जिंकायलाच येणार, ताई. इतके दिवस तुम्हाला वाईट वाटेल म्हणून शेवटचे बार मुद्दाम ढिले सोडत होते.”

चोरून पाळत ठेवल्याचं उघड झालं, तेव्हा थोरली नुसती लाल झाली होती. हे ऐकून ती ताडकन उभी राहिली.

“ढिले सोडत होतीस? मला दया दाखवत होतीस?”

त्यानंतर जे भांडण झालं, ते जावयाला पुढे नीट सांगता आलं नाही, कारण दोघी एकदम बोलत होत्या. एवढं खरं, की दोघी आपापल्या रायफली घेऊन भांडतच जिना उतरल्या. कमिटी तक्रारीची वाट बघत चहा पिऊन उठून गेली. तोवर त्यांना खालून रेंजवरचे बार तेवढे ऐकू येत होते.

रेंजवर थोरली दुर्बिणीतून कोऱ्या आभाळाकडे बघत होती आणि धाकटी मागचं कडं हळूहळू फिरवत होती.

“आता?”

“अजून. अजून जरा. हां, झाली फुली काळी.” थोरलीनं गाल उचलला नाही. “तुझी जागा घे. आणि आज एक जरी बार ढिला सोडलास, तर चूल वेगळी करीन.”