पाहिल्याचा दिनांक

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळमजल्यावरील उत्तरेच्या खोलीत बसून गुरुजी प्रबंधांचे संदर्भ पडताळीत. निवृत्तीनंतर हे काम त्यांनी मागून घेतले होते, आणि पत्नीच्या निधनानंतर ते सोडण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. छापील ग्रंथ कपाटात जसाच्या तसा राहतो. आंतरजालावरचे पान मात्र रातोरात बदलते किंवा नाहीसे होते. म्हणून असे प्रत्येक पान ते स्वतः उघडीत, प्रबंधातले उद्धरण त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहत आणि मगच नोंदीखाली पाहिल्याचा दिनांक घालून सही करीत. "आपण पाहिले ते वाचकालाही पाहता आले पाहिजे," असे ते विद्यार्थ्यांना बजावीत. "नाहीतर ती साक्ष नव्हे, ऐकीव गोष्ट."

एका संशोधक मुलीचा प्रबंध त्यांच्या मेजावर आला. विषय होता घरगुती संभाषणांची भाषा. तिने आंतरजालावरील एका संग्रहातून संवाद घेतले होते. बोलणाऱ्यांची नावे नव्हती. नुसते 'पुरुष' आणि 'स्त्री'.

पुरुष : मी काय म्हणतो...
स्त्री : आधी चहा घ्या. म्हणजे म्हणणं आपोआप कमी होतं.

गुरुजींना हसू आले. हे वाक्य त्यांनी उभ्या संसारात ऐकले होते. घरोघरी असेच बोलत असतील, असे म्हणून त्यांनी पान उघडले, उद्धरण ताडले. ते बरोबर होते. परंतु पान तेथे संपत नव्हते.

पुरुष : माझा लोकरी गळपट्टा कुठे ठेवलायस?
स्त्री : वरच्या कप्प्यात. माझ्या शालीखाली.

गुरुजींचा हात थांबला. आदल्या संध्याकाळी हा प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारला होता, रिकाम्या घरात. पत्नी गेल्यापासून ते असे बोलत. उत्तराची अपेक्षा नसे. सवय मोडत नव्हती, इतकेच.

घरी जाऊन त्यांनी वरचा कप्पा उघडला. शालीखाली गळपट्टा होता.

त्या प्रबंधाचे काम मग पुढे सरकेना. संध्याकाळी गुरुजी घरात बोलत. सकाळी खोलीचे दार लोटून घेऊन उत्तर वाचीत. गुडघा दुखतो म्हणाले, तर "जिने कमी चढा आणि गाऱ्हाणी तर त्याहून कमी" असे आलेले असे. पानाची प्रत साठवून ठेवावी म्हटले, तर प्रत कोरीच निघे. मग त्यांनी तो नाद सोडला. नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी दिनांक बदलून लिहीत राहिले. सही मात्र केली नाही.

अखेर ती मुलगीच आली.

"गुरुजी, माझ्या प्रबंधाला तुमच्याकडे वार्धक्य आलं म्हणतात."

"एक संदर्भ राहिला आहे."

"तो संवादांचाच ना? ते पान आता माझ्याकडे उघडतच नाही. मार्गदर्शकांकडेही नाही. पहिल्यांदा दिसलं तेव्हा हातानं उतरवून घेतलं आणि प्रत साठवायची राहिली. माझंच चुकलं."

"इथे उघडते."

"दाखवा ना."

गुरुजींनी पडदा तिच्याकडे वळवला. पान सापडले नाही, एवढीच ओळ तेथे होती.

ती मटकन खुर्चीत बसली. "परीक्षक म्हणतील, हिनं मनानंच रचलं. पदवी अडकली की नोकरीही गेली. पण तुमच्या सहीवर कुणी बोट ठेवायचं नाही. तुम्ही पाहिलंय म्हणता, तर कराल सही?"

गुरुजींनी नोंद पुढे ओढली. सही खोटी ठरली नसती. त्यांनी खरोखरच पाहिले होते. परंतु वाचकाला ते कधीच दिसणार नव्हते, आणि उद्या कोणी विचारले असते तर उत्तर या पोरीला द्यावे लागले असते. दुसरीकडे, जेथे पत्नी बोलते ते ठिकाणच नाही, असे स्वतःच्या हाताने लिहायचे होते.

"उद्धरण काढून टाक," ते म्हणाले. "त्यावाचून तुझं काही अडत नाही."

नोंदीवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि समासात लिहिले : अनुपलब्ध, वगळावे. मुलीने वाकून नमस्कार केला. ती गेल्यावर गुरुजी पेनाचे टोपण हातात धरून तसेच बसून राहिले.

संध्याकाळी घरात ते म्हणाले, "रागावू नकोस. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता."

सकाळी पान उघडले. त्यांचे ते वाक्य तेथे नव्हते.

स्त्री : आज लवकर आलात.
पुरुष : आता कुठे जायचं नाही. इथेच असणार आहे.

हे गुरुजी बोलले नव्हते.

त्यांनी ते पुन्हा वाचले. शब्दांची ठेवण त्यांचीच होती.

त्या संध्याकाळी दिवा न लावता ते घराच्या मधोमध उभे राहिले.

"अगं, मी इथे आहे," ते म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग घसा बसेपर्यंत म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी पानावर दोनच ओळी वाढल्या होत्या.

स्त्री : शेजारच्या खोलीत कुणी बोलतंय का हो?
पुरुष : छे. ती खोली कधीची रिकामी आहे.