काठाचे औषध

सकाळी भिकाजी पांचाळांच्या रेडियमच्या दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती. एकाला रिक्षाच्या मागे लेकीचे नाव हवे होते, दुसऱ्याला आईच्या हृदयाची पट्टी. संगमेश्वरात आता याचे नवल कुणाला वाटत नसे.

औषध मुरवलेली पातळ फिल्म निघाली, तेव्हापासून गाड्यांचे स्टिकर कापणारे यंत्रच या पट्ट्याही कापी. पट्टीतले औषध अंगात झिरपायचे ते फक्त कापलेल्या काठातून. म्हणून ज्याला मात्रा जास्त, त्याच्या पट्टीला गुलाबाच्या पानासारखे जास्त दाते. प्रत्येकाच्या पट्टीचा आकार इस्पितळातून नेटवर येई. काठ स्वच्छ आला पाहिजे, एवढीच अट होती. फाटका काठ म्हणजे लांब काठ, आणि लांब काठ म्हणजे जास्त औषध. जास्त झाले की नाडी मंदावायची.

भिकाजींनी पट्टीभोवतीची नको असलेली फिल्म सोलली आणि त्यांचा हात थांबला. प्रत्येक दात्याच्या टोकाला बारीक कुसळे उभी होती. गिऱ्हाइकाला त्यांनी दुपारी यायला सांगितले. दसऱ्यानंतर याच यंत्रावर त्यांनी बायकोची, कुसुमची पट्टीही कापली होती. वरच्या मजल्यावर तिची पावले वाजत होती. ती थांबत तर नाहीत ना, याकडे कान देऊन ते काम करू लागले.

आधी पाते बदलले. कुसळे तशीच. दाब कमी केला, वेग उतरवला, नवा रोल लावला. दर वेळी नमुन्याचा छोटा चौकोन कापून सोलून पाहिला. सरळ रेघ काचेसारखी येत होती, कोपरा मात्र कुरतडल्यासारखा. म्हणजे दोष धारेत नव्हता. वळणावर पाते स्वतःभोवती फिरायला हवे, ते अडत होते. त्यांनी पात्याची नळी उघडली. आतल्या बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर तेलात कालवलेला लाल लगदा बसला होता.

कुसुम चहा घेऊन खाली आली, तेव्हा त्यांनी ती नळी तिच्यापुढे धरली.

"खंडेनवमीला कुंकू कुठं लावलंस?"

"पात्याला. कापतं ते पातं ना? झाकणाची पूजा कशाला करायची?"

"दरवर्षी झाकणालाच लावतात."

"दरवर्षी तुम्ही लावता. यंदा तुम्ही झेंडूची फुलं आणायला गेलात ते बाजारातच रमलात."

त्यांनी काय घडले ते सांगितले, तशी ती मटकन स्टुलावर बसली. पण पट्टी काढ म्हटल्यावर तिने पदर घट्ट ओढून घेतला. चार रात्री तिला सलग झोप लागली होती. छातीतली धडधड थांबली होती. पाण्याची कळशी ती आज न टेकता वर घेऊन गेली होती.

भिकाजींनी इस्पितळात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या पट्ट्या ताबडतोब उतरवायला सांगितल्या. कुसुमचे ऐकून त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय म्हणजे बरं आहे, असं नाही हो काका."

मग भिकाजींनी दसऱ्यानंतर पट्ट्या नेलेल्यांच्या घरोघरी फोन केले. राजाभाऊ शेट्ये हसले. ते कितीतरी दिवसांनी बाजारापर्यंत चालत गेले होते. म्हणाले, यंत्र मुळीच दुरुस्त करू नकोस. दमयंती गुरव म्हणाली, काढते, पण पुढची अशीच दे. सखाराम घागांच्या घरी सुनेने फोन उचलला. मामंजी नळापाशी कोसळले होते आणि आत्ताच त्यांना रिक्षातून नेले होते. नाडी लागत नव्हती, असे तिने हळूच सांगितले.

भिकाजींनी फोन खाली ठेवला. नळी स्पिरिटने धुतली, छर्रे पुसले, एक थेंब तेल सोडले. इस्पितळाने पाठवलेला कुसुमचा आकार पुन्हा लावला. पट्टी सुटी झाली ती इतकी नितळ, की नखालाही काठ लागेना.

"ही लाव," ते म्हणाले.

"लावते. मग रात्री मी उशाशी धापा टाकत बसले, की तुम्ही जागे राहणार?"

त्यांनी तिचे मनगट धरले. ठोके संथ होते, पण भरदार. इतके भरदार त्यांना आठवत नव्हते. मग एक ठोका चुकला. त्यांनी श्वास रोखला. पुढचा आला.

हा खंड कुंकवाने पाडला, की तो आधीपासूनच होता आणि त्या धडधडीत कधी कळला नव्हता? आजवर त्यांनी तिची नाडी अशी धरलीच नव्हती.

इस्पितळाचा फोन वाजू लागला. त्यांचा एक हात तिच्या मनगटावर होता, दुसऱ्यात स्वच्छ कापलेली पट्टी.

"सांगा ना," कुसुम म्हणाली, "कुठली ठेवू?"