व्हेलची उलटी आणि तीन बशा पोहे

सफरीच्या शेवटच्या दुपारी जहाजावरून व्हेलची उलटी चोरीला गेली, आणि महिपतीला मनापासून बरं वाटलं.

चार दिवसांपूर्वी समुद्रात तरंगताना सापडलेला तो काळा गोळा. अत्तरवाल्यांना सोन्याहून प्यारा, पण वास असा की धायरीच्या गोठ्यात वाढलेला महिपतीसुद्धा कठड्याशी जाऊन ओकला होता. आज बंदरावर वनखातं तो ताब्यात घेणार होतं. दुपारी डबा उघडला, तर आत काही नाही.

"किल्ली आज सकाळपर्यंत माझ्याच खिशात होती," सहलीला व्हेलची माहिती द्यायला आलेले व्हेलतज्ज्ञ डॉ. दत्तप्रसाद रिसबूड म्हणाले. "सकाळी न्याहारीच्या टेबलावर सगळ्यांना गोळा दाखवला, खोलीत नेऊन डब्याला कुलूप घातलं आणि डबा-किल्ली तनुजाकडे दिली. विद्यार्थिनीवर विश्वास टाकल्याची ही फळं. आता तुरुंगात जाईल बिचारी."

"बाई, मी डबा उघडलासुद्धा नाही," तनुजा म्हणाली. "पाच वर्षं घातलीत हो मी पीएचडीत."

बाई म्हणजे पूर्णिमा आपटे, नारायण पेठेतल्या खासगी गुप्तहेर. महिपती त्यांचा मदतनीस. पुण्याहून निघालेल्या या सहलीत दोघं हवापालटाला आली होती.

हिंजवडीच्या कंपनीतला सूरज सफरभर गोळ्याचा भाव सांगत फिरत होता. त्याला आधी विचारलं.

"मॅडम, रेट फक्त नेटवर बघितला होता. दिवसभर डेकवर पत्ते खेळतोय, कोणालाही विचारा."

आचारी मच्छिंद्र वैतागलाच. "मी कशाला शिवू त्या घाणीला? इथं काय घाणीला तोटा आहे? डॉक्टरसाहेबांचा संडास कालपासून तुंबलाय. दुसरी खोली देतो म्हटलं, नको. माणूस पाठवतो म्हटलं, तेही नको."

"आणि आजची न्याहारी?"

"पातेलं रिकामं. तुमच्या महिपतीनंच तीन बशा पोहे हाणले."

बंदर आलं. वनअधिकारी हेमा जगताप वर चढल्या, तशी पूर्णिमाबाईंनी सगळ्यांना जेवणघरात बसवलं.

"महिपती, त्या दिवशी गोळा बघून ओकलास. आज तो हातभर अंतरावर असताना तीन बशा?"

"आज वासच नव्हता, बाई. मला वाटलं, सवय झाली आसंल."

"चाळीस माणसांना एकदम? टेबलावर काळं मेण होतं. म्हणजे अदलाबदल आधीच झाली, किल्ली डॉक्टरांच्या खिशात असताना. मेण वनखात्याच्या हाती पडलं असतं तर बिंग फुटलं असतं. म्हणून न्याहारीनंतर खोलीत त्यांनी डबा रिकामा केला, मेण खिडकीतून समुद्रात टाकलं, आणि रिकाम्या डब्याची किल्ली या पोरीच्या हातात दिली."

"मग खरा गोळा?" हेमाताईंनी विचारलं.

"संडास तुंबला की माणूस खोली बदलून मागतो. यांना दुरुस्तीसुद्धा नको होती. एका वासाआड दुसरा वास लपवायचा होता ना."

गोळा तिथंच निघाला, प्लास्टिकमध्ये बांधून टाकीमागे खुपसलेला. महिपतीनं नाक दाबलं. पण खरी किळस त्याला गोळ्याची आली नाही. पोरीला तुरुंगात धाडायला निघालेला हा माणूस रोज शेजारी बसून आपल्याला व्हेलचं मातृप्रेम समजावत होता, याची आली.

डॉक्टरांची मान अजून ताठच होती. "तनुजा, जबाब जपून दे. प्रबंधावर सही माझीच लागते."

तनुजानं हेमाताईंकडून कागद मागून घेतला, खुर्ची ओढली आणि पहिल्याच ओळीत त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.