तांबट आळीच्या खांबाचा कान

विज्ञानकथेतल्या प्रत्येक मुलाला एक शास्त्रज्ञ आजोबा असतात. मला नाहीत. ते समोरच्या अत्तर गल्लीतल्या शलाका गंधेला आहेत, आणि माझं पोट दुखायला तिथूनच सुरुवात होते.

माझं नाव मंजिरी वडके, राहणार तांबट आळी. शलाका माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तिच्या गल्लीत नवीन गुळगुळीत फरशा बसवल्या आहेत. गल्लीच्या तोंडाशी पालिकेच्या, चालकाशिवाय धावणाऱ्या विजेच्या स्कूटरी ओळीने उभ्या असतात. आणि घरात आवाजाचे शास्त्रज्ञ असलेले आजोबा आहेत. आमच्याकडे काय आहे? उकरून ठेवलेला रस्ता आहे. शलाका "आमच्या गल्लीत ना," असं म्हणाली की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात, हे मी लपवत नाही.

आमचं सातबंधारा शहर छोटं, पण नगरपालिका मोठी हौशी. तिने प्रत्येक आळीत एक ध्वनिखांब उभा केलाय. खांबाच्या वरच्या टोकाला मुठीएवढी जाळी असते आणि जाळीमागे ध्वनिग्राहक (आवाज टिपणारं यंत्र, म्हणजे खांबाचा कान). तो दिवसभर ऐकतो आणि खाली फलकावर आकडा दाखवतो. आकडा असतो डेसिबलमध्ये (लांबीला मीटर, तसं आवाजाला डेसिबल). घरांच्या वस्तीत दिवसा पंचावन्नपर्यंत चालतं. त्यावर गेलं की नियम लागू. पहिला नियम, आळीत स्कूटर बंद. दुसरा, रस्त्याची दुरुस्ती शांत आळ्यांची आधी, गोंगाट्या आळ्यांची मागून.

तुम्ही म्हणाल, विजेच्या स्कूटरीला कुठे आवाज असतो? खरंच नसतो. म्हणून तर ती मागून कधी आली ते कळायचं नाही आणि माणसं दचकायची. मग पालिकेने तिला हळू जाताना गुणगुणायला लावलं. आता ती मधमाशीसारखी गुंगुं करते, आणि तेवढा आवाज वाढतो. त्यामुळे आवाज कमी करायचा तर आधी स्कूटरी थांबवायच्या, असा पालिकेचा हिशेब.

आमच्या खांबाचा आकडा दसऱ्यानंतर चढायला लागला, तो पंच्याहत्तरवर जाऊन बसला. स्कूटरी बंद झाल्या. आळीच्या तोंडाशी आली की स्कूटर आपोआप मान टाकते, लाथ मारा नाहीतर लाडीगोडी लावा. आणि कोणाला नवल वाटलं नाही. तांबट आळीत ठणठणाट असायचाच, सगळे म्हणाले. अहो, पण तांबे ठोकणारे शेवटचे हात माझ्या पणजोबांचे. आता आळीत एक सोफे शिवणारे दिनूकाका, एक शिकवणी आणि आमचं फराळाचं घर. दुपारी तर आळीत माशी घोंगावली तरी ऐकू येते. तरी दुपारीसुद्धा आकडा पंच्याहत्तरच. आवाज नाही आणि आकडा आहे, हे कोडं कोणी सोडवायचं?

दिवाळी तोंडावर आलेली. आईच्या फराळाच्या ऑर्डरींवर आमचं वर्ष चालतं. तिचे डबे पालिकेच्या स्कूटरीवरून घरोघर जातात. आता स्कूटर दारात येईना, म्हणून आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उकरलेल्या रस्त्यावरून कोपऱ्यापर्यंत जायची. गुरुवारी तिचा पाय खड्ड्यात मुरगळला. चकल्यांचा डबा तिने वाचवला, पण घोटा सुजून टम्म झाला.

त्याच दिवशी कोतवाल आला. कोतवाल म्हणजे पालिकेचा यंत्रमानव. चार चाकं, लांब मान आणि बोलणं सगळं सरकारी. तो खांबापाशी थांबला, आकडा वाचला आणि म्हणाला, "सदर आळीचा आवाज विहित मर्यादेबाहेर आहे. उद्या संध्याकाळची नोंद अंतिम राहील. सुधारणा न झाल्यास निर्बंध दिवाळीनंतरही कायम."

"पण आवाज करतंय कोण ते तरी सांग की," मी म्हटलं.

"आवाज आहे. कर्ता नमूद नाही," कोतवाल म्हणाला. मग त्याने मान वर करून खांबाकडे पाहिलं. "खांब सुशोभित आहे. त्याबाबत तक्रार नाही." आणि गेला निघून.

आई खाटेवर पाय ठेवून बसली होती. "मंजे, उद्या नाही जमलं तर ऑर्डरी परत कराव्या लागतील," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्यामुळेच मला भीती वाटली. "तू गंधे आजोबांना का नाही विचारत?"

"त्यांच्याकडे? शलाकाच्या घरी? मी नाही जायची."

"का?"

"ती मिरवेल."

"मिरवू दे. माझा घोटा काय तिच्या मिरवण्याने जास्त सुजणार आहे?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चडफडत गेले. अत्तर गल्लीच्या त्या गुळगुळीत फरशांवरून चालतानासुद्धा राग येत होता. दार शलाकानेच उघडलं. "अय्या, तू?" एवढंच म्हणाली, पण मला ते पुरलं.

गंधे आजोबा खिडकीपाशी बसले होते. आयुष्यभर आवाजाचा अभ्यास केला आणि म्हातारपणी स्वतःला ऐकू कमी येतं. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं (आवाज मोठा करून कानात सोडणारी छोटी यंत्रं). मी सगळं सांगितलं.

"तुमचा आकडा पंच्याहत्तर आणि आमचा पंचावन्न," आजोबा म्हणाले. "फरक वीसचा. पण डेसिबलचं माप फसवं असतं हं. दहा वाढले की आवाजाची ऊर्जा दहा पट होते. वीस वाढले तर?"

"वीस पट," मी म्हटलं.

"शंभर पट," शलाका म्हणाली. "दहाच्या दहा पट." तिला विचारलं होतं का कोणी?

"शंभर पट," आजोबांनी मान डोलावली. "आता मला सांग मंजिरी, स्कूटरी बंद केल्यावर आकडा किती उतरला?"

"जराही नाही."

"मग आवाज स्कूटरींचा नव्हताच. शंभर माणसं ओरडत असताना दोघं गुणगुणायची थांबली तर कोणाला कळणार आहे? खरा आवाज दुसराच आहे. आता तो सापडायचा कसा, ते बघू. तुझी आई भाकरीला तूप लावते ना? एक चमचा तूप लहान भाकरीवर पसरलं तर थर जाड होतो. दुप्पट रुंद भाकरीवर तेच तूप पसरलं तर?"

या वेळी मी शलाकाला तोंड उघडू दिलं नाही. "थर पातळ. भाकरी दोन्ही बाजूंनी दुप्पट, म्हणजे चौपट जागा. थर पाव होणार."

"शाब्बास. आवाजाचंही तसंच. ध्वनिलहरी (हवेत चोहीकडे पसरणारी कंपनं) जसजशा लांब जातात, तशा मोठ्या जागेवर पसरतात. अंतर दुप्पट झालं की आवाजाचा जोर पाव उरतो. म्हणजे तुमच्या खांबाला इतका आवाज लांबून ऐकू यायचा, तर तो करणारं काहीतरी प्रचंड असणार. मला वाटतं जमिनीखाली पाण्याचा एखादा पंप असेल. पालिकेकडून खोदून बघावं लागेल."

खोदायचं? आमच्या आळीत अजून? संध्याकाळ तासाभरावर आली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते शलाकासमोर आलं याचा आणखी राग आला.

शलाका मात्र आजोबांकडे गेली. "काहीतरी करा ना आजोबा, पालिकेत फोन करा," म्हणत तिने मागून त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि गालाला गाल लावला. मी टक लावून बघत होते. जळणाऱ्या माणसाचं लक्ष फार बारीक असतं. मला दिसलं की तिचे मोकळे केस आजोबांच्या कानावर घासले आणि आजोबांनी तोंड वेडंवाकडं केलं.

"हळू गं बाई," ते कानावर हात ठेवून म्हणाले. "डोक्यात पत्रे कोसळले माझ्या."

"केसांनी?" मी विचारलं.

"हो ना. तुला ऐकू येणार नाही, पण श्रवणयंत्रावर केस घासला तरी मला..." आजोबा बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघायला लागले.

"लांबचा मोठा आवाज नाही," मी म्हटलं. "जवळचा बारीक आवाज. अगदी कानाला लागून."

"अंतर जवळजवळ शून्य," आजोबा म्हणाले आणि काठी शोधू लागले. "मी उगाच पंप शोधत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

कळसा कुठे होता ते मला आता ठाऊक होतं. खंडेनवमीला आपण हत्यारांची, यंत्रांची, वाहनांची पूजा करतो ना? यंदा अत्तर गल्लीने आपल्या ध्वनिखांबाचीही पूजा केली आणि त्याला झेंडूचा हार घातला. ते बघून आमच्या अख्ख्या आळीचा तिळपापड झाला. त्यांचा हार खांबाच्या कमरेला होता, मग आमचा गळ्यात पाहिजे. दिनूकाका शिडीवर चढले, खालून सगळी आळी ओरडत होती, "अजून वर, अजून वर." माझाही आवाज त्यात होता. हार थेट जाळीवर जाऊन बसला, आंब्याच्या डहाळीसकट. दुसऱ्या दिवशी अत्तर गल्लीने आपला हार उतरवला. आमचा तसाच राहिला, कारण तो उतरवला तर मिरवायचं काय?

आम्ही तिघं आळीत पोचलो तेव्हा कोतवाल आलेलाच होता. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, मागे फराळाचे डबे रचलेले. मी वर बघितलं. झेंडू वाळून काळा पडला होता. आंब्याची पानं वाळून कडक झाली होती, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर जाळीवर खरवडत होती. खाली उभं राहून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"दिनूकाका, शिडी आणा," मी म्हटलं.

"ध्वनिखांबास हात लावणे म्हणजे छेडछाड," कोतवाल मध्ये आला. "छेडछाड झाल्यास नोंद बाद व निर्बंध कायम."

शिडी घेऊन आलेले दिनूकाका तिथेच थबकले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आणि पूजेचा हार असा ओढून काढतात का?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. "काकू, वाळला की तो हार नाही, निर्माल्य झालं. ते ठेवत नाहीत," मी म्हटलं. मग कोतवालाकडे वळले. "रस्त्यावरचा पालापाचोळा काढणं ही छेडछाड की सफाई?"

कोतवालाच्या डोक्यातला दिवा लुकलुकला. "सफाई. रस्त्याची निगा राखणे हे नागरिकांचेही कर्तव्य आहे."

"मग वाळकी पानं खांबावर असली तर?"

दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. "पानं ही पानंच," कोतवाल शेवटी म्हणाला. "सफाईस हरकत नाही. जाळीस स्पर्श करू नये."

दिनूकाकांनी शिडीवर चढून हाराचा दोरा कात्रीने कापला. हार खाली पडला. मी फलकाकडे बघत होते. आकडा थोडा वेळ तसाच राहिला आणि मग भराभर उतरायला लागला. साठ, मग पंचावन्न, आणि खाली खाली जात पंचेचाळीसवर थांबला.

"नोंद घेतली. निर्बंध रद्द," कोतवाल म्हणाला. मग पुढे म्हणाला, "यापुढे आकडा वाचण्यापूर्वी कानही तपासण्यात यावा, अशी शिफारस पालिकेस पाठवत आहे. रस्ता दुरुस्तीचा क्रमही बदलेल." आळीच्या तोंडाशी मान टाकून उभी असलेली स्कूटर जागी झाली आणि गुंगुं करत आमच्या दारापर्यंत आली. आईने पदराने डोळे पुसले आणि पहिला डबा तिच्यावर ठेवला.

आता खरी गंमत. कोतवालाने शहराची यादी फलकावर लावली. सगळ्यांत शांत वस्ती, तांबट आळी. अत्तर गल्ली दुसरी. मी शलाकाकडे वळले, कारण याच क्षणासाठी मी वर्षभर जगत होते. तिचं तोंड आंबट झालं होतं. ओठ घट्ट मिटलेले, नजर आमच्या डब्यांवर. हे तोंड मी ओळखते. रोज आरशात बघते.

"पहिला नंबर गेला म्हणून?" मी विचारलं.

"नंबराचं काय," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडे सारखे तळणीचे वास येतात. तुझी आई तुला हाका मारत असते, ते आमच्या खिडकीत ऐकू येतं. माझे आईबाबा समुद्राखालच्या प्रयोगशाळेत आहेत. दिवाळीला यायचे नाहीत. आम्ही दोघं विकतचा फराळ आणतो. मला तुझा इतका राग येतो ना मंजिरी."

माझा? तिला माझा राग? मी वर्षभर इथे जळत होते, आणि ती तिकडे. मला एकदम हसूच आलं. मी घरात जाऊन दोन चकल्या घेऊन आले, एक तिला दिली, एक मी तोंडात टाकली. कुडुम कुडुम असा केवढा आवाज झाला माझ्या डोक्यात.

"ऐकू आली माझी चकली?" मी विचारलं.

"नाही फारशी. माझीच इतकी वाजतेय," शलाका म्हणाली.

"आपलीच असते ना, कानाला लागून," मी म्हटलं.

गंधे आजोबा ओसरीवर बसून चकली खात होते आणि तोंड वेडंवाकडं करत होते. त्यांनी दोन्ही श्रवणयंत्रं काढून खिशात टाकली आणि आईकडे दुसरी चकली मागितली. पुढच्या खंडेनवमीला दोन्ही खांबांना सारखाच हार, कमरेलाच, आणि दुसऱ्या दिवशी उतरवायचा, असं मी आणि शलाकाने ठरवलंय. हार कोणाच्या फुलांचा, यावर मात्र अजून भांडण चालू आहे.