दहावी खुंटी

मला सांग मच्छिंद्र, जुन्या लाकडात खिळा आहे की नाही, याबाबत भरवसा कोणावर ठेवायचा? विकणाऱ्यावर की करवतीवर? हसू नकोस. आमच्या कचरू सुतारानं स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला, आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. मला त्यानंच सांगितलेलं आहे.

तीन वर्षं झाली. जालन्याच्या जुन्या छावणीत गोऱ्या पलटणीच्या क्लबाची एक लांबडी खोली पाडायची होती. तिचं लाकूड मी घेतलं, काढायचं काम कचरूला दिलं. साहेब लोक तिथं लाकडी पट्ट्यांच्या लांबलचक वाटेवरून गोळा घरंगळवत आणि पार टोकाला मांडलेल्या दहा खुंट्या पाडत. रामकिसन नावाचा माणूस खुंट्या पुन्हा उभ्या करी, गोळा बाजूच्या पन्हळीतून माघारी पाठवी. पलटण गेली. रामकिसनला 'आता पुरे' असं कोणी म्हटलंच नाही. चाळीस वर्षं तो रोज संध्याकाळी त्या पट्ट्यांना तेल लावी, खुंट्या मांडी, आणि कोणी खेळायला येतंय का बघत बसे. आदल्या साली तिथंच वारला.

कचरूला जल्दी होती. मंठ्याला दिलेली त्याची एकुलती लेक झुंबरबाई बाळंत झाली होती. बारसं आठ दिवसांवर. मजुरीत त्यानं पाळण्यापुरतं लाकूड मागितलं. "आई न्हाई तिला, शेठ. माहेरचं म्हणून एवढा पाळणाच जायचा."

आमच्याकडे सुतार जुनं लाकूड काढण्याआधी ते ज्याच्या हाताखालचं, त्याचं नाव घेतो, नारळ ठेवतो आणि 'नेऊ का' म्हणून विचारतो. मी आठवण दिली.

"गोऱ्याला इचारायला इलायतेला जाऊ का मंग?" कचरू म्हणाला. "बोटीचा खर्चा तुम्ही द्या."

वरून एकही खिळा दिसेना, म्हणून त्यानं बेधडक करवत घातली. दात गेले. बोटभर जाडीच्या पट्ट्या आडव्या न निजवता धारेवर उभ्या केलेल्या, एकीला दुसरी बाजूनं ठोकलेली. खिळे सगळे पोटात. मग शेवटची पट्टी आधी उचकटायची, नंतर तिच्या आतली. एकेक करून तीन दिवस गेले.

चौथी रात्र पौषातल्या अमावस्येची. अर्धी वाट उरली होती. पन्हळ दुपारीच उखडून गाडीत टाकली होती. कचरू कंदील घेऊन एकटाच थांबला.

बारा वाजून गेले असतील. पलीकडच्या टोकाला काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. टक्. उंदीर असेल. टक्. त्यानं हात थांबवला. आवाज थांबला नाही. कचरू मोजू लागला. सात... आठ... नऊ... दहा.

मग काही नाही.

शांतता अशी, की समोर कोणी बसून आपल्याकडेच बघतंय.

"कोण हाय?"

...

गोळा निघाला. पन्हळीच्या जागेवरून. पन्हळ नव्हती. घरंगळण्याचा आवाज मात्र लाकडावरचाच. जवळ आला. पायाशी थांबला. कचरूनं हात लावला. कोमट. नुकताच कोणाच्या हातातून सुटावा तसा.

विचारायचं कोणाला राहिलं, ते त्याला तेव्हा कळलं.

"रामकिसनकाका... लेकीच्या पाळण्यासाठी लाकूड न्यायला आलोय. नेऊ का?"

तेलाचा वास येत राहिला...

मग अंधारात खुंट्या पडल्या. सगळ्या एकदम. गोळा कचरूच्या हाताखालीच होता.

सकाळी त्यानं खुंट्या गोळा केल्या. नऊ. दहावी कुठंच नाही.

पाळणा वेळेवर पोचला. बारशाच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, पाळण्याखाली एक खुंटी उभी दिसली. ताजं तेल लावलेली. झुंबरबाईनं ती माळ्यावर टाकली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पाळण्याखाली. पोरगं खुंटीकडे बघून हसायचं, म्हणून मग झुंबरबाईनं हात लावायचं सोडलं. दोन वर्षं हे चाललं. पोरगं मोठं झालं, पाळणा उतरवून ठेवला. त्या रात्रीपासून खुंटी नाही.

बाकीच्या नऊ माझ्या मागच्या कोठीत आहेत, पोत्यात बांधून. कुलपाची किल्ली एकच. परवा रात्री मागून तेलाचा वास आला, आणि...

असू दे. ही किल्ली घे, मच्छिंद्र. उद्या उजाडल्यावर पोतं सोड आणि मोज. जितक्या असतील तितक्याच वखारीच्या वहीत लिही, बाबा. मला झोप लागावी म्हणून नऊ लिहू नकोस.