ठिपक्यांची वाट

बांबूच्या जाळीत काहीतरी खसफसलं आणि रुयूनचा कोयता हवेतच थांबला. रानडुक्कर असणार. ती हळूच दोन पावलं मागे सरली, तेवढ्यात जाळीतून आवाज आला—

"मारू नका. माणूस आहे."

पाला बाजूला सारून एक सडपातळ तरुण बाहेर आला. गालावर ओरखडा, केसांत कोळिष्टकं, एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात... रुयून बघतच राहिली. तिच्या पाठपिशवीत होता तोच नकाशा! शंभर वर्षांपूर्वी, जपानी अमलात, मोजणीदारांनी इथले डोंगर पालथे घालून काढलेला, त्याचीच नवी छापील प्रत.

"वाट चुकलात वाटतं," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे... हो. शांगवोहून आलो. तिथल्या शाळेत शिकवतो. चुंग पोयान."

"मी फान रुयून. खाली पिंगकेंगला पर्सिमन फळांची वाळवणं दिसतात ना, ती आमची."

डोंगराच्या दोन अंगांना ही दोन गावं. गाडीरस्ता झाला तसं खिंडीतून जाणं-येणं थांबलं आणि जुनी पायवाट रानाने गिळून टाकली. नकाशात मात्र ती अजून होती, तुटक-तुटक रेघेची. पोयानला आपल्या वर्गातल्या मुलांना त्या वाटेने न्यायचं होतं. रुयूनचं कारण घरचं होतं. तिचे पणजोबा म्हणे खिंडीत बसून वाटसरूंना फुकट चहा पाजायचे. गावात कुणी हे खरं मानत नसे. पण नकाशात बरोब्बर खिंडीपाशी एक इवलासा काळा चौकोन होता.

"ती पोलीस चौकी असणार," पोयान म्हणाला.

"चहाघर आहे ते."

"खिंडीत चौक्याच असायच्या."

"मास्तर, वर्गातही असंच न बघता उत्तर सांगता का?"

तो हसला. ओरखडा ताणला गेल्यामुळे लगेच कळवळलाही. "बरं, बघूनच ठरवू. हरेल त्याने जेवू घालायचं."

मग दर रविवारी दोघं रानात भेटू लागले. ती सकाळी वडिलांबरोबर फळं उलटून यायची. तो डोंगर ओलांडून. पुढे कोयता, मागे नकाशा, मध्ये भांडण. ओढा कुठे वळतो यावरून भांडण, भातात आलं किती असावं यावरूनही. हिवाळी पावसाची भुरभुर सुरू झाली की दोघं एकाच प्लास्टिकखाली उभे राहत. तेव्हा मात्र कुणीच भांडत नसे. त्याच्या बाहीला ओल्या बांबूचा वास यायचा. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

चौकोन सापडला तो नेच्यांच्या खाली. दगडी जोतं, कोसळलेली चूल आणि मातीच्या मोठ्या रांजणाचं फुटकं खापर. जोत्यालगतच्या दगडावरचं शेवाळ पोयानने हाताने पुसलं, तर अक्षरं दिसली. चहा घ्या, एवढंच कोरलेलं. खाली आडनाव, फान.

रुयून तिथेच बसली आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. पोयाननेही जिंकण्या-हरण्याचं नाव काढलं नाही. त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतला, आधी दगडावर ठेवला, मग तोच तिच्या हातात दिला.

"लहानपणी शाळेत सगळे हसायचे," ती हळूच म्हणाली. "म्हणायचे, फानांच्या गप्पा."

"माझ्या वर्गाला इथेच आणून बसवतो. कोण हसतं बघू."

आता काम संपलं होतं. वाट सापडली होती, दोन्ही गावं जोडली होती. परतताना दोघांचीही पावलं जड झाली. वळणावर पोयान एकदम थांबला, नकाशा उलगडून म्हणाला, "अगं, हे बघ. इथून आणखी एक वाट फुटते. ही ठिपक्यांची."

रुयूनने नकाशात पाहिलं, मग त्याच्याकडे. "खरंच की. शोधायला हवी."

पुढचे कितीतरी रविवार दोघं ती वाट शोधत राहिले. नुसता कातळ आणि काटे. एकदा तिचा पाय सटकला, त्याने हात धरला, आणि धोका टळल्यावरही सोडला नाही.

"पोयान," ती म्हणाली, "ठिपक्यांची रेघ म्हणजे वाट नसते. गावांची शीव असते."

त्याचे कान लाल झाले. "तुला... कधी कळलं?"

"तू दाखवलीस तेव्हाच."

"मग आलीस कशाला इतके दिवस काटे तुडवत?"

"तू कशाला आलास?"

तो तिच्या तळहाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जानेवारीत इथली माझी मुदत संपते. ताइचुंग शहरातल्या मोठ्या शाळेतून बोलावणं आलंय."

तिने हात काढून घेतला. "बरं झालं की. जा."

"ऐक तरी. इथल्या हेडमास्तरीणबाई म्हणतात, राहायचं असेल तर जागा आहे. मी दोन्ही शाळांना अजून कळवलं नाही. आधी तुला..."

"मला काय?"

"मी राहिलो, तर तुला चालेल का? शेजारी म्हणून नाही. रुयून, मला तू आवडतेस. फार."

"बाबांना आणि वाळवणाला सोडून मी शहरात येणार नाही."

"म्हणून तर राहतोय म्हटलं."

"मग राहा ना." आणि जरा थांबून, खूप हळू, "मलाही चालणार नव्हतं, तू गेलेलं."

त्या दुपारी तो पहिल्यांदाच खाली पिंगकेंगला उतरला. अंगणात बांबूच्या गोल परड्यांत नारिंगी फळं वाऱ्याला पडली होती आणि तिचे वडील उरलेली सोलत बसले होते. त्यांनी दोघांचे चिखलाचे बूट पाहिले, लेकीचा चेहरा पाहिला.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"जेवण व्हायला वेळ आहे. बस." त्यांनी एक बुटका स्टूल पायाने पुढे सरकवला आणि त्याच्या हातात सोलायची सुरी दिली. "सोलता येतं का?"

"नाही येत."

"शिकशील," ते म्हणाले आणि पुढचं फळ उचललं.